मोगली जंगलातच राहतो तेव्हा : एका विरसाचे प्रकरण

लहानपणी जिच्यावर जीव जडला त्या कार्टून मालिकेच्या कथेवर मोठेपणी चित्रपट येतो, तो आवडतो, आणि पुढे काही वर्षांत त्याच्यावरून हळूहळू मन उडते, हा अनुभव आज चाळिशीत असलेल्या पिढीत पुष्कळांना आलेला आहे. कारण विचारले की "लहानपणचे सगळेच गोड वाटते" हे उत्तर तयार असते. वेंगुर्ले तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावातील बहीणभावांचे जे प्रकरण मी जवळून पाहिले, त्यात हे उत्तर टिकत नाही. मी तालुक्यातील एका वाचनालयात सुट्टीच्या दिवसांत मुलांना चित्रपट दाखवून त्यावर चर्चा घेतो, आणि या कुटुंबाशी माझा घरोबा आहे. दोघांच्या संमतीने हे लिहीत आहे. नावे मुद्दाम दिलेली नाहीत. भावाचा उल्लेख 'थोरले' आणि बहिणीचा 'धाकट्या' असा केला आहे.

पार्श्वभूमी

मालिका म्हणजे दूरदर्शनवर १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी दाखवली गेलेली 'जंगल बुक'. मूळ निर्मिती जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची. तिकडे ती १९८९-९० मध्ये प्रक्षेपित झाली आणि तिचे ५२ भाग होते. आपल्याकडे ती हिंदीत आली ती गुलजार यांच्या शब्दांतले आणि विशाल भारद्वाज यांनी संगीत दिलेले शीर्षकगीत घेऊन, आणि शेरखानला आवाज होता नाना पाटेकर यांचा. नाना मुरुड-जंजिऱ्याचे, म्हणजे कोकणातलेच. त्यामुळे वाडीत त्या आवाजाचे कौतुक जरा जास्तच होते. वाघ आपल्याकडचा माणूस बोलतो आहे, ही गोष्ट मोठी माणसेसुद्धा एकमेकांना सांगत.

थोरले त्या वेळी नऊ वर्षांचे होते, धाकट्या सहा वर्षांच्या. वाडीत टीव्ही एकाच घरी होता. अँटेना बांबूला बांधून मांगराच्या कौलांवर उभी केलेली असे, वारा सुटला की ती फिरे आणि पडद्यावर मुंग्या येत. मग एकाने वर चढून बांबू फिरवायचा, दुसऱ्याने खळ्यात उभे राहायचे आणि तिसऱ्याने आतून "इला, इला, आता सोड" असे ओरडायचे, हा दर रविवारचा क्रम होता. वर चढणारा बहुधा थोरलाच असल्यामुळे शीर्षकगीत त्याने पुष्कळदा कौलांवर बसूनच ऐकले. वीज गेली तर तो भाग कायमचा हुकत असे. असे हुकलेले भाग मुलांना माहीत झाले ते दुसऱ्या वाडीतल्या, वीज न गेलेल्या मुलांनी शाळेत सांगितल्यामुळे, आणि सांगणारा त्यात स्वतःच्या पदरचे घालत असे. धाकट्या आजही काही प्रसंग असे सांगतात की ते मालिकेत होते की कोणी शाळेच्या पायरीवर रचलेले होते, हे ठरवता येत नाही.

दोन रविवारांमधले सहा दिवस हा मालिकेचाच भाग होता, असे माझे मत आहे. मालिकेतल्या मोगलीजवळ बूमरँग होते. मुलांनी माडाच्या झावळीचा रुंद बुडखा कोयत्याने तासून तसे बूमरँग केले. ते भिरकावले की परत येत नसे, भाताच्या कुणग्यात जाऊन पडे आणि ते आणायला कोणाला तरी चिखलात उतरावे लागे. वाघ कोणी व्हायचे यावरून भांडणे होत, अजगर होण्याचा मान मात्र धाकट्या कोणाला देत नसत. त्या मालिकेतला 'का' नावाचा अजगर अजस्र, भीतिदायक आणि तरीही मोगलीच्या बाजूचा होता. पडवीतल्या भाताच्या कणग्यांखाली उंदीर खायला येणारी धामण मारू न देणाऱ्या आजीच्या घरात वाढलेल्या मुलीला ते सहज पटले असावे.

आणखी एक तपशील पुढच्या विवेचनासाठी आवश्यक आहे. या भावंडांचे वडील गिरणीकामगार होते. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरणी पुन्हा हाती लागली नाही आणि ते गावी परतले. घरात मुंबईविषयी बोलणे कमी होई, पण पोराने बारावीनंतर मुंबई गाठायची, हे न बोलताच ठरलेले होते. थोरले २००२ मध्ये कुडाळहून कोकणकन्येने गेले. धाकट्या लग्न होऊन तालुक्यातल्याच दुसऱ्या गावी गेल्या.

घटनाक्रम

८ एप्रिल २०१६ रोजी जॉन फॅवरो यांचा 'द जंगल बुक' भारतात प्रदर्शित झाला, अमेरिकेच्याही एक आठवडा आधी. हिंदी आवृत्तीत शेरखानला पुन्हा नाना पाटेकरांचाच आवाज देण्यात आला. बाल्लूला इरफान खान, बघीराला ओम पुरी, 'का' या अजगराला प्रियांका चोप्रा आणि रक्षा या लांडगीला शेफाली शाह यांचे आवाज होते, आणि जुने शीर्षकगीत विशाल भारद्वाज यांनी प्रसिद्धीसाठी नव्याने ध्वनिमुद्रित केले होते. थोरले आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन उपनगरातल्या चित्रपटगृहात गेले. बाहेर पडताच त्यांनी बहिणीला फोन केला आणि शेरखान पहिल्यांदा बोलला तेव्हा अंगावर काटा आला, असे सांगितले. त्या मे महिन्यात गावी आल्यावर त्यांनी भेटेल त्याला तो चित्रपट पाहायला सांगितले. हा आनंद खरा होता, आणि नंतरच्या विरसामुळे त्याला खोटे ठरवण्याचे कारण नाही.

पुढे चित्रपट घरच्या पडद्यावर आला आणि मुलगी तो वरचेवर लावू लागली. थोरल्यांच्या उत्साहाला पहिला तडा कुठे गेला, हे त्यांना स्वतःला नेमके सांगता येत नाही. धाकट्यांनी मात्र एका गणपतीत पाहिले की शेवटची झुंज सुरू झाली की भाऊ उठून बाहेर ओटीवर जातो. २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यानंतर थोरले सहकुटुंब गावी आले आणि काही महिने राहिले. घरात पोरे कोंडलेली, पाऊस लागलेला, आणि तोच चित्रपट पुन्हा पुन्हा. त्या काळात एका संध्याकाळी ते बहिणीला म्हणाले, "ह्यो मोगली खयच गेलो नाय गो." त्यानंतर त्यांनी तो चित्रपट स्वतः होऊन कधी लावला नाही, आणि मुलीने लावला तर त्यांच्या चेहऱ्यावरची नापसंती तिला कळू लागली. घरात त्यावरून खटके उडू लागले, तेव्हा धाकट्यांनी हा विषय माझ्याकडे आणला.

कारणांचा शोध

पहिली शंका स्मरणरंजनाची होती. ती तपासणे सोपे होते, कारण टाळेबंदीतच थोरल्यांनी मुलीला जुन्या मालिकेचे बरेच भाग दाखवले होते. त्यांचे निरीक्षण निर्मळ होते. भाग संथ आहेत, तीच झाडे आणि तेच कडे मागून पुन्हा पुन्हा सरकतात, काही प्रसंगांत ओठ आणि आवाज जुळत नाहीत, आणि मुलगी मध्येच उठून गेली तर त्यात तिचा दोष नाही, हे त्यांनी आपणहून मान्य केले. मालिकेतले दोष दिसूनही तिच्यावरचे प्रेम उतरले नाही, आणि चित्रपटाचे गुण मान्य असूनही तो नकोसा झाला. गोडी केवळ आठवणीची असती तर जुने भाग पुन्हा पाहिल्यावर तीही ओसरायला हवी होती.

दुसरी शंका अशी की मूळ कथा बदलली म्हणून राग आला असेल. शहरातल्या प्रेक्षकाविषयी ती कदाचित खरी ठरेल, पण दक्षिण कोकणात वाढलेल्या माणसाविषयी मला ती अजिबात मान्य नाही. इथे जत्रेच्या रात्री दशावतार होतो. संकासुराचा भाग आटोपला की आख्यान लागते, आणि त्याला परंपरेने लिखित संहिता नसते. कथा सगळ्यांना पाठ असते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. गेल्या वर्षी ज्या प्रसंगात पंधरा मिनिटे गेली तो यंदा दोन वाक्यांत उरकतो, आणि भलत्याच ठिकाणी वाद रंगतो. पहाटेपर्यंत जमिनीवर बसलेला प्रेक्षक हे सारे रसिकतेने स्वीकारतो. बदल त्याला खुपत नाही. खुपते ते पात्राने आपले ओझे खाली टाकलेले. हरिश्चंद्र कितीही वेगळ्या शब्दांत बोलला तरी चालतो, पण डोंबाच्या दारी न जाता तो सुटला तर मांडावरची माणसे उठून घरी जातील. थोरले लहानपणापासून या प्रेक्षकांत बसलेले आहेत, आणि त्यांची चित्रपटाकडे पाहण्याची नजर तिथेच घडलेली आहे, असे मी समजतो.

तिसरे कारण धाकट्यांनी सुचवले. चित्रपटातील प्राणी हुबेहूब खरे दिसतात. लॉस एंजलिसच्या स्टुडिओत एका मुलाभोवती जवळजवळ सारे जंगल संगणकावर उभे करण्याची ती किमया असामान्य आहे, आणि २०१७ मध्ये तिला दृश्य परिणामांचे ऑस्कर मिळाले ते योग्यच होते. परंतु खऱ्यासारखा दिसणारा लांडगा बोलू लागला की आपण त्याच्या तोंडाकडे पाहतो, त्याच्या बोलण्याकडे लक्ष राहत नाही, असे त्यांचे म्हणणे. रेघांनी काढलेल्या लांडग्याच्या बाबतीत ही अडचण येत नव्हती. यात तथ्य आहे, पण थोरल्यांना त्याचे फारसे काही वाटले नाही. ते उठून जात होते ते शेवटाला.

म्हणून शेवटच नीट पाहिला पाहिजे.

रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत झाला, आणि मोगलीच्या कथा ज्या दोन पुस्तकांत आहेत ती १८९४ आणि १८९५ साली निघाली. कथांमधले जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीकडचे, नदी वैनगंगा. पहिल्या पुस्तकात शेरखान मरतो तो म्हशींच्या पायांखाली. मोगलीला माणसांच्या गावात गुरे राखायला लावलेले असते. तो अकेला नावाचा म्हातारा लांडगा आणि आपला लांडगाभाऊ यांच्या मदतीने कळपाचे दोन भाग करतो, नाल्यात झोपलेल्या वाघाला दोन्ही तोंडांनी कोंडतो आणि तुडवून मारतो. इथे लक्षात घेण्यासारखे हे की लांडग्यांची साथ जंगलातली आणि गुराख्याची विद्या गावातली आहे, आणि दोन्हींवाचून वाघ मरत नाही. दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटाकडे, सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेला मोगली वसंतात अस्वस्थ होतो आणि माणसांकडे जातो. त्याआधीच रानकुत्र्यांशी लढून मरताना अकेलाने त्याला आपल्या लोकांत जायला सांगितलेले असते, आणि मोगलीला दुसरे कोणी हाकलणार नाही, त्याचा तोच निघेल, अशा अर्थाचे बोललेले असते. जपानी मालिकेतही मोगली सरतेशेवटी जंगल सोडून माणसांत जातो. डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटात गाणी आणि गंमत कितीही असली तरी तो अखेर एका मुलीच्या मागोमाग गावात शिरतोच.

२०१६ च्या चित्रपटात तो जात नाही. मोगली वस्तीतून पेटते लाकूड आणतो, वाटेत त्याच्या ठिणग्यांनी जंगल पेटते, शेरखान त्याला सर्वांसमोर माणूस म्हणून हिणवतो, आणि तेव्हा मोगली ती मशाल पाण्यात फेकून देतो. मग वाळलेल्या झाडाचा आणि वेलींचा आपल्या युक्तीने वापर करून तो वाघाला आगीत पाडतो, हत्ती नदीचा प्रवाह वळवून वणवा विझवतात, आणि शेवटी मोगली बघीरा व बाल्लू यांच्यासोबत फांदीवर निवांत पहुडतो. माणसाची बुद्धी घेऊनही तुला जंगल सोडावे लागणार नाही, असे हा चित्रपट मुलाला सांगतो. त्यात खरी माया आहे, आणि जगात कित्येक मुलांना हे ऐकण्याची गरज असते, हे मी नाकारणार नाही.

पण त्या मायेची किंमत मोगलीकडून मागितली जात नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे आणि थोरल्यांच्या विरसाचे मूळही मला तिथेच दिसते. चित्रपटात अकेला मध्यावरच शेरखानकडून मारला जातो, म्हणजे किंमत मोजणारा दुसराच. मोगलीला जंगल सोडायला भाग पाडणारा एकटा शेरखान आहे, आणि तो मेला की जाण्याचे कारणही संपते. किपलिंगच्या कथेत आणि मालिकेत वाघाच्या मरणाने तो प्रश्न सुटत नाही, कारण निघण्याचे मूळ वाघात नसतेच. थोरल्यांना गावातून कोणी हाकलले नव्हते. घर होते, चार कलमे होती, आईवडील होते. ज्या रात्री ते निघाले तेव्हा आई एवढेच म्हणाली होती, "जाऊचाच लागता रे, हय काय आसा?" वैरी नसताना, भांडण नसताना, जिथे जीव आहे तिथून उठून जावे लागणे हा या किनाऱ्यावरच्या घरोघरच्या पोरांचा अनुभव आहे, आणि नऊ वर्षांच्या मुलाला त्याची पहिली चाहूल एका कार्टूनने दिली होती. त्याच आवाजाने आणि त्याच गाण्याने त्याला पुन्हा बोलावले, आणि तो येऊन बसल्यावर त्याला सांगितले की जायची काही गरज नव्हती.

मन हळूहळू का उडाले, याचाही उलगडा यात होतो. पहिल्या वेळी नानांचा आवाज आणि पडद्याची भव्यता यांनी माणूस भारावून जातो, आणि आवाज ओळखीचा असल्यामुळे आतली गोष्टही ओळखीची आहे असे धरून चालतो. आवाजाचे नवेपण सरले की गोष्ट ऐकू येऊ लागते. निर्मात्यांनी फसवले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नानांनी काम मन लावून केले आहे. परंतु जुन्या मालिकेची खूण पुढे करून बोलावल्यावर प्रेक्षक त्या मालिकेतली व्यथाही शोधणार, हे स्वाभाविक आहे.

'का'चे उदाहरण यालाच जोडून येते. चित्रपटात अजगर एका प्रसंगापुरता येतो, मोगलीला भुलवून गिळू पाहतो आणि नाहीसा होतो. किपलिंगने त्यालाच माकडांच्या तावडीतून मोगलीला सोडवायला धाडले होते. १९६७ पासून डिस्नेने त्याला खलपुरुष केले आणि ते आता रूढ झाले आहे. भीती वाटते तोही आपला असू शकतो, ही मालिकेतली अवघड गोष्ट इथे गाळली गेली. धाकट्यांचा चित्रपटावर राग आहे तो एवढ्यापुरताच.

बहिणीचा वेगळा कौल

चित्रपटाच्या शेवटाविषयी मात्र धाकट्यांना भावासारखे काही वाटत नाही, आणि हे मला या प्रकरणातले सर्वांत विचार करायला लावणारे अंग वाटते. त्याही घर सोडून गेलेल्याच आहेत. त्यांचे म्हणणे असे की भावाला जायचे की नाही हा प्रश्न निदान पडला तरी, मुलीला तो कोणी विचारतही नाही, ती जाणार हे तिच्या जन्मापासून धरलेले असते. म्हणून एक तरी पोर आईजवळ राहिले, रक्षाला सोडून गेले नाही, हे पडद्यावर पाहून त्यांना बरे वाटते. हे मत मी भावाच्या मताइतकेच वजनदार मानतो. ज्याला निरोप घेताना मन आवरावे लागले त्याला निरोप नसलेली गोष्ट खोटी वाटते, आणि जिचा निरोप कोणी मनावर घेतला नाही तिला ती दिलासा देते. एकाच घरात, एकाच टीव्हीसमोर वाढलेल्या दोघांचे हे दोन निकाल आहेत.

काय केले, आणि आज काय स्थिती आहे

धाकट्यांच्या सूचनेवरून एका मे महिन्यात वाचनालयात मुलांना मालिकेचा अखेरचा भाग आणि चित्रपटाचा अखेरचा अर्धा तास लागोपाठ दाखवला. थोरले आणि त्यांची मुलगी दोघेही आले होते. लहान मुलांना चित्रपटाचा शेवट बिनतक्रार आवडला, आगीचा प्रसंग तर त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. मोठ्या मुलांत मतभेद झाले. नववीतल्या एका मुलाने विचारले की मालिकेतला मोगली गावात गेल्यावर सुट्टीत जंगलात येतो का. धाकट्यांनी येतो असे ठामपणे सांगितले, थोरले गप्प राहिले. त्या मुलाचा भाऊ गोव्यात हॉटेलात कामाला आहे, हे मला नंतर कळले.

घरातले खटके त्यानंतर कमी झाले. थोरले आता शेवटाला उठून जात नाहीत. चित्रपटाविषयीचे त्यांचे मत मात्र बदललेले नाही, आणि ते बदलावे असा माझा प्रयत्नही नव्हता. मुलगी आता मोठी झाली आहे आणि तिने किपलिंगच्या दोन्ही पुस्तकांतल्या मोगलीच्या कथा वाचल्या आहेत. तिचा बाबांना प्रश्न असा आहे की तुम्हाला जावे लागले म्हणून त्यानेही जायलाच हवे होते का. ती मुंबईत जन्मली, गाव तिला सुट्टीपुरते मिळते, आणि जो जंगलातच राहू शकला तो मोगली तिला हेवा करण्यासारखा वाटतो. त्यावर थोरल्यांचे उत्तर असे की त्याने जावे असा आपला हट्ट नाही. राहायचे तर राहा, पण राहण्यासाठी काय सोडले ते दाखवा, मशाल पाण्यात टाकून ते भागत नाही. मुलीचे म्हणणे, मशाल टाकणे म्हणजेच ते सोडणे, बाबांना ते दिसत नाही. मशालीचा तो प्रसंग दोघांनी मिळून पुन्हा पाहिला आहे, आणि वाद मिटलेला नाही.